पेढेवाल्याचं बोट

"उंदीर?" पप्पा खुर्चीतून अर्धे उठले. "मॅडम, म्हणजे जे उंदरांवर केलं ते तुम्ही माझ्या पोरीवर करणार?"

"मी काहीच करणार नाही," डॉक्टर निंबाळकर मॅडम शांतपणे म्हणाल्या. "करणार ती आहे. आणि तिलाच करायचंय. हो ना गं, ईश्वरी?"

मी इतक्या जोरात मान हलवली की मम्मीनं माझ्या मांडीवर चापट मारली.

तेव्हा मी आठवीत होते. आता दहावीत आहे, म्हणजे काही युगं लोटलेली नाहीत. पण तेव्हाची मी वर्गात हात वर करायला घाबरायचे आणि आताची मी हात वर न करताच बोलते, त्यामुळे ती गोष्ट कुणा दुसऱ्याच मुलीची वाटावी इतकी जुनी झालीय. मला पाचवीत टाइप वन डायबेटिस झाला. म्हणजे माझं शरीर इन्सुलिन बनवत नाही, ते मी सुईनं घेते, आणि त्यात रडण्यासारखं काही नाही. रडण्यासारखं एवढंच, की साताऱ्यात माझ्या पप्पांचं पेढ्यांचं दुकान आहे. तांबवेकर पेढेवाले. अस्सल म्हशीच्या दुधाचा कंदी पेढा. माझ्या गणवेशालासुद्धा भाजलेल्या खव्याचा वास यायचा.

माझ्या आजाराचं कळलं त्याच आठवड्यात पप्पांनी भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर शपथ घेतली होती. "माझ्या पोरीला पेढा नाही, तर मलाही नाही!" पेढे घ्यायला आलेल्या दोन काकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि अर्ध्या किलोऐवजी एक किलो घेतले.

तर, मला पळायचं होतं. आठशे मीटर. शाळेच्या मैदानावर मी एकदा बेल झाल्यावर वर्गाकडे जाताना सहज पळाले आणि आमचे पीटीचे शेडगे सर शिट्टी तोंडात तशीच ठेवून बघत राहिले. मग जवळ येऊन म्हणाले, "तांबवेकर, तू पळशील गं. पण तुला काही झालं तर माझी नोकरी पळेल. आधी डॉक्टरांचा आणि घरच्यांचा होकार आण. मग निवडीला ये." तोवर तीन वर्षं मी पीटीच्या तासाला झाडाखाली बसून बाकीच्यांचे गुण लिहीत होते. माझं अक्षर फार सुधारलं होतं.

म्हणून आम्ही तिघं मॅडमकडे आलो होतो, आणि मॅडम नेमकं उंदरांपाशी पोचल्या होत्या.

"नीट ऐका," त्या म्हणाल्या. "शुगर बरीच वर्षं जास्त राहिली तर हृदयाच्या स्नायूला आतून बारीक सूज येऊ शकते. ती दुखत नाही, दिसत नाही. राखेखाली निखारा धुमसतो ना, तशी. म्हणून शुगर ताब्यात ठेवायची आणि व्यायाम करायचा. थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हळू. परत जोरात, परत हळू. मधुमेह असलेल्या उंदरांना असं पळवलं तेव्हा त्यांच्या हृदयातली ती सूज कमी झाली. माणसांचं मी तितक्या खात्रीनं सांगणार नाही. पण ईश्वरीचे सगळे रिपोर्ट चांगले आहेत. काळजी घेऊन पळाली तर तिचं भलंच होईल, हे मात्र खात्रीनं सांगते."

"पण मॅडम," मम्मी म्हणाली, "पाय सुजला तर आपण त्याच्यावर जोर देतो का? मग हृदयाला सूज येणार असेल तर..."

"ताप येऊन, इन्फेक्शन होऊन हृदय सुजलं तर मी स्वतः पेशंटला पलंगावरून उतरू देत नाही. ही सूज वेगळी. ही बसून वाढते."

हे बोलताना त्यांनी पप्पांकडे बघितलं. पप्पा पुन्हा खुर्चीत मागे रेलून, पोटावर दोन्ही हात ठेवून बसले होते. दुकानात गल्ल्यावर बसतात अगदी तसे.

"तुमची स्वतःची शुगर कधी तपासलीत?"

पप्पांचा चेहरा उजळला. हा त्यांचा आवडता किस्सा होता. "अहो तपासली तर! मागच्या गणपतीत मंडळानं शिबिर ठेवलेलं. त्या मुलानं माझ्या बोटाला टोचलं, मशीन बघितलं आणि तोच पांढरा पडला. म्हटलं, बाबा रे, पेढेवाल्याचं बोट आहे हे. त्यात साखर नाही तर काय मीठ निघणार? सगळा मांडव हसला!"

मी हसले. मम्मी हसली, तिनं तो किस्सा निदान शंभरदा ऐकला असूनही. मॅडम हसल्या नाहीत.

"मग हात धुऊन परत तपासली का?"

"तोवर आरती सुरू झाली ना."

मॅडम पुढं काही विचारणार होत्या, पण बाहेर कुठलंसं बाळ रडायला लागलं, त्याच्यामागून त्याची आजी आत घुसली, आणि आमचा नंबर संपला. जाता जाता मॅडम दारातून ओरडल्या, "आणि पळताना जवळ साधी साखर ठेवा, नाहीतर ग्लुकोज! पेढा नको हं. खव्यामुळे साखर चढायला वेळ लागतो."

जिन्यावर पप्पा कुजबुजले, "तांबवेकरांची पोरगी भर रस्त्यात साखरेचा बकाणा भरणार? गाव काय म्हणेल?"

घरी मम्मीच्या अटी ठरल्या. पळायचं तर किल्ल्याच्या रस्त्यावर, सकाळी, माणसं असतात तेव्हा. पळायच्या आधी शुगर मोजायची. पप्पांनी स्कूटरवरून बरोबर राहायचं आणि अडीअडचणीचा डबा त्यांच्याकडे असायचा. "डब्यात मॅडमनी सांगितलं ते भरा," मम्मी म्हणाली. पप्पांनी "भरतो की" म्हणून पेढे भरले. छोटा स्टीलचा डबा, आत बटर पेपर, वर एकसारखे रचलेले कंदी पेढे. पप्पांना डबा वाईट दिसलेला चालत नाही, मग तो जीव वाचवायचा असला तरी.

अजिंक्यताऱ्यावर जाणारा रस्ता वळणावळणाचा आहे आणि कडेनं विजेचे खांब आहेत. मी त्या खांबांचंच वेळापत्रक केलं. एक खांब जीव तोडून पळायचं, पुढचा खांब चालायचं. पळ, चाल, पळ, चाल. पहिल्या दिवशी दुसऱ्याच खांबाला मिठी मारून उभी राहिले. पण नंतर नंतर असं व्हायला लागलं की चालायचा खांब आला की मला कंटाळा यायचा.

आणि शेजारून पप्पा. स्कूटर पहिल्या गिअरमध्ये घरघरत, हॅन्डलला डबा लटकवलेला, गळ्यात शेडगे सरांकडून मागून आणलेली शिट्टी.

"पाय उचल, ईशू! पाय! ते शिंदे काका सत्तरीचे आहेत, तुझ्यापुढं चाललेत! फेसाळू दे दूध, थांबू नको! हां, आता उकळी आली!"

सकाळचे फिरायला येणारे लोक आम्हाला ओळखायला लागले. निवृत्त पोस्टमास्तर फडतरे काका रोज न चुकता टोमणा मारायचे. "काय तांबवेकर, पोरगी पळतीय आणि घाम तुम्हाला?"

"मी अ‍ॅम्ब्युलन्स आहे!" पप्पा ओरडायचे.

"अ‍ॅम्ब्युलन्सला पेट्रोल जास्त लागतंय वाटतं!"

कारण पप्पा सारखे पाणी प्यायचे. त्यांची बाटली संपली की माझी. आणि दर दोन वळणांना स्कूटर उभी करून झाडामागं जाऊन यायचे. "थंडी आहे ना," असं म्हणायचे. ऊन चढलं की "ऊन आहे ना."

आता पप्पांच्या चाखण्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. पप्पांच्या मते खाणं आणि चाखणं या दोन सर्वस्वी वेगळ्या गोष्टी आहेत. खातं ते गिऱ्हाईक, चाखतो तो कारागीर. प्रत्येक घाणा कढईतून काढायच्या आधी पप्पा उलथण्याच्या टोकाला लागलेला खवा बोटावर घेतात, जिभेवर ठेवतात, डोळे मिटतात आणि आख्खं दुकान श्वास धरून थांबतं. मग ते म्हणतात, "अजून एक चटका." किंवा, "काढा." शंका असली तर पुन्हा चाखतात. पप्पांना शंका फार. शपथ घेतल्यापासून त्यांनी पेढा खाल्ला नव्हता, हे देवाशप्पथ खरं. पाहुण्यांनी हातावर ठेवलेला पेढासुद्धा ते कपाळाला लावून परत द्यायचे. मम्मी नातेवाइकांना सांगायची, "तीन वर्षं झाली, तोंडात घातला नाही हो." आणि तिचा आवाज भरून यायचा.

किल्ल्यावर आमचा डबासुद्धा ते चाखायचे. मी खांबाला टेकून दम खात असले की मागं डब्याचं झाकण टक्कन वाजायचं.

"पप्पा!"

"अगं खवा आहे. ऊन लागून बिघडला असेल तर? ऐन वेळी तुला बिघडलेला पेढा देऊ होय?"

"मग बिघडलाय?"

"नाही. पण उद्या बघायला पाहिजे."

निवडीच्या आदल्या सकाळी मी भयंकर जोरात होते. घरी शुगर मोजली, ठीक होती. उद्याची तालीम म्हणून ठरवलं, आज चालायचे खांब निम्मेच. पप्पा म्हणाले, "शाब्बास माझी रेल्वे!" आणि शिट्टी वाजवली. पहिली दोन वळणं मी कशी गेले मला आठवतसुद्धा नाही. तिसऱ्या वळणापाशी मात्र खांब जरा जाड दिसायला लागले. मग एका खांबाशेजारी दुसरा खांब उगवला. हाताची बोटं आपोआप थरथरत होती आणि पाठीवरून गार घाम.

मी कठड्यावर बसले. "पप्पा, पेढा."

"काय गं?"

"पेढा द्या!"

"हळू बोल, लोक बघतायत."

"बघू देत! पेढा द्या म्हणते ना! ऐकू येत नाही का तुम्हाला?"

शुगर उतरली की मला चक्कर यायच्या आधी राग येतो. घरात सगळ्यांना माहीत आहे. मी पप्पांना उलट बोलले म्हणजे पप्पांना कळलंच. ते पांढरेफटक झाले. त्यांनी डबा हॅन्डलवरून ओढून काढला, झाकण उघडलं.

आत बटर पेपर होता. बटर पेपरवर पेढ्यांचे तुपकट ठसे होते. पेढे नव्हते.

"पेढे कुठायत?"

"मी... बघत होतो. चांगले आहेत का ते."

"मग? होते?"

"होते," पप्पा म्हणाले.

पुढच्या वळणावर एक मावशी सकाळी लिंबू सरबताची गाडी लावायच्या. पप्पांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा वर वळणाकडे, आणि पळत सुटले. खरंच सांगते, पळत. बावन्न वर्षांचे, गल्ल्यावर बसून बसून खुर्चीच्या आकाराचे झालेले माझे पप्पा, चपला हातात घेऊन चढावर धावत होते. एक खांब, दुसरा, तिसरा. मध्ये चालायचा खांब असतो हे त्यांना कुणी सांगायला हवं होतं. फडतरे काका उतरत होते, ते कठड्याला चिकटून उभे राहिले. "तांबवेकर? अहो तांबवेकर!"

आणि स्कूटर माझ्याजवळ उभी होती. चालू. घरघरत. आम्ही दोघी कठड्यापाशी थांबून पप्पांना पळताना बघत होतो.

ते परत आले तेव्हा त्यांच्या दोन्ही मुठींत साखर होती. अर्धी वाटेत सांडली होती, उरलेली घामानं चिकटली होती. मागून सरबतवाल्या मावशी ग्लास घेऊन धावत होत्या. पप्पांनी ओंजळ माझ्या तोंडाशी धरली आणि मी ती चाटून पुसून खाल्ली. गाव काय म्हणेल याचा विचार त्या वेळी कुणालाच सुचला नाही.

मावशींचं सरबत पोटात गेलं आणि हळूहळू खांब आपापल्या जागेवर एकेकटे उभे राहिले. मी कमरेच्या पिशवीतून मीटर काढलं, हात पुसले, मोजलं. चढत होती. "झालं पप्पा, ठीक आहे," मी म्हटलं आणि वर बघितलं.

पप्पा ठीक नव्हते. कठड्यावर बसले होते, छातीच्या मधोमध पंजा दाबून, तोंड उघडं. त्यांचा श्वास आत जातोय की बाहेर येतोय तेच कळत नव्हतं.

"पप्पा, काय होतंय?"

"काही नाही. गॅस."

"छातीत?"

"गॅसच आहे. पळायची सवय नाही ना." त्यांनी माझी बाटली उचलली आणि एका दमात संपवली. नंतर मावशींकडं बघून ग्लास पुढं केला.

मी त्यांच्याकडं बघत राहिले. एवढी तहान मी आयुष्यात एकाच माणसाला लागलेली पाहिली होती. पाचवीतल्या मला.

मी मीटरला नवी पट्टी लावली, नवी सुई लावली. "बोट द्या."

"काय खूळ लागलं काय?"

"द्या म्हणते ना." आता माझी शुगर उतरलेली नव्हती, तरी मी तसंच बोलले. त्यांनी बोट दिलं.

मशीननं आकडा दाखवला. मी असला आकडा कधी बघितला नव्हता. पप्पांनी वाकून बघितलं आणि मोठ्यानं हसले, छातीवर हात तसाच ठेवून. "अगं वेडे! साखर भरलीय हाताला! तुलाच भरवली ना आत्ता? पेढेवाल्याचं बोट..."

"धुवा."

"ईशू..."

"मावशी, साबण आहे?"

मावशींच्या गाडीपाशी नेऊन त्यांच्या भांड्यांच्या साबणानं मी पप्पांचे हात धुतले. लहान मुलाचे धुतात तसे, एकेक बोट, नखांच्या आतून. कोरडे केले. परत टोचलं. आकडा उतरला होता. तीनशे बारावर येऊन थांबला होता.

"अजून राहिली असेल थोडी," पप्पा म्हणाले. आवाज एकदम लहान झाला होता. "बावीस वर्षं खव्यात हात आहे. आत मुरलीय गं साखर."

"आत मुरलेलीच सांगतं हे मशीन, पप्पा."

मावशी उगाच ग्लास विसळत राहिल्या. खाली सातारा नुकता जागा होत होता. पप्पांनी गाडीपाशी टाकलेल्या चपला पायात सरकवल्या. मग म्हणाले, "मम्मीला सांगायचं नाही."

"का?"

"विचार कर. माझं सांगायचं तर हे सगळं सांगावं लागेल. तुला चक्कर आली, डबा रिकामा होता. मग ती तुला परत घराची पायरी उतरू देईल? उद्या निवड आहे. तू तुझं पळ. माझं मी बघतो, निवांत. दिवाळीची गडबड संपली की."

दिवाळीला अजून बराच अवकाश होता. पण पप्पा खोटं बोलत नव्हते. मम्मीला मी त्यांच्याइतकीच ओळखते. सांगितलं की आठशे मीटर संपले. परत झाडाखाली बसायचं, परत सुंदर अक्षर.

किल्ला उतरताना मी स्कूटरवर मागं बसले होते. नेहमी खांद्याला धरते, त्या दिवशी पोटाला मिठी मारून पाठीला कान टेकवला. शर्टाच्या आत पप्पांचं हृदय धडधडत होतं, मधेच अडखळत होतं. चढावर स्कूटर बंद पडू पडू होते ना, तसं.

दुकानापाशी मम्मी उभीच होती. "काय, कसं झालं?"

"झकास!" पप्पा म्हणाले. "रेल्वे आहे रेल्वे!" आणि माझ्याकडे न बघता थेट मागं भट्टीकडं गेले. सकाळचा पहिला घाणा कढईत होता, कारागीर उलथणं धरून त्यांचीच वाट बघत होता. खवा छान बदामी झाला होता. पप्पांनी नेहमीसारखं उलथण्याच्या टोकावरून बोटभर खवा उचलला. डोळे मिटले. तेच बोट, मी धुतलेलं. आख्खं दुकान श्वास धरून थांबलं.

"मम्मी," मी म्हणाले, "पप्पांची शुगर तीनशे बारा आहे. हात धुऊन."

बोट हवेत थांबलं. भट्टीवर घाणा करपला. तांबवेकरांच्या इतिहासात पहिल्यांदाच.

निवड झाली तेव्हा मी हॉस्पिटलच्या बाकावर बसले होते. आत पप्पांच्या छातीला वायरी लावल्या होत्या. अगदी शिट्टी वाजत असेल त्या वेळेला नर्सनं हाक मारली, "तांबवेकरांचं कोण आहे?" मी एवढ्या जोरात पळाले की तिनं मला दटावलं.

संध्याकाळी निंबाळकर मॅडमच्या टेबलावर सगळे रिपोर्ट होते. अ‍ॅटॅक आलेला नव्हता. पण हृदय थकलेलं होतं, पूर्ण ताकदीनं रक्त ढकलत नव्हतं, आणि शुगर कितीतरी वर्षं वाढलेली असणार, असं मॅडम म्हणाल्या.

"गोड किती खाता?"

पप्पा ताठ बसले. "मॅडम, तीन वर्षं पेढा तोंडात घातलेला नाही. शपथ आहे."

"खात नाहीत," मम्मी म्हणाली. तिचा आवाज भरून आला नव्हता. "चाखतात."

"चाखतात म्हणजे? दिवसाला किती?"

"घाण्यागणिक," पप्पा म्हणाले. "एवढंसं."

"घाणे किती?"

पप्पा बोटांवर मोजायला लागले. एक हात संपला. दुसरा सुरू झाला. सणासुदीचे धरायचे का, असं त्यांनी विचारलं. मॅडमनी हातानंच त्यांना थांबवलं.

"आणि ती सूज?" पप्पांनी हळूच विचारलं. "ती निखाऱ्याची?"

"ती मला अशी डोळ्यांनी दिसत नाही. पण इतकी साखर इतकी वर्षं असेल, तर आत काहीतरी धुमसत असणारच. आधी औषधं. मी सांगेन तेव्हा चालायला सुरुवात. थोडं भरभर, थोडं हळू."

"उंदरांसारखं," पप्पा म्हणाले.

"उंदरांसारखं."

मम्मीनं मात्र तिथंच निकाल जाहीर केला. उद्यापासून दोघांचंही किल्ल्यावर जाणं बंद. एक चक्कर येऊन पडणार, दुसरा छाती धरून, तिला हे नाटक नको होतं. मॅडमनी चष्मा काढला. "ताई, ही पळाली नसती तर हे सापडले नसते. हिला थांबवू नका. फक्त डब्यात साखर ठेवा, आणि डबा हिच्याकडे द्या."

सोमवारी शाळेत शेडगे सर भेटले. माझ्या जागी नववीतली कुणी निवडली गेली होती. "काय तांबवेकर, घाबरलीस ना शेवटी?"

"नाही सर. पप्पा हॉस्पिटलात होते. पळताना छातीत दुखलं."

"बघ!" सर म्हणाले. "मी काय सांगत होतो? पळणं म्हणजे हृदयावर ताण. तू शहाणी, बसून राहिलीस."

तेव्हा मी वाद घालत नसे. नाहीतर त्यांचं काही खरं नव्हतं. पुढच्या वर्षी मी तालुक्याला पळाले, तिसरी आले. सर सगळ्यांना सांगत होते की ही मुलगी त्यांनी शोधली.

दुकानात आता मम्मी चाखते. तिला गोड आवडत नाही. ती खवा जिभेला लावते, तोंड वाकडं करते आणि प्रत्येक घाण्याला "बराय" म्हणते. पप्पांना ते ऐकवत नाही. ते नाकानं वास घेऊन लांबूनच ओरडतात, "अजून एक चटका!" आणि बहुतेक वेळा बरोबर असतात.

आणि सकाळी आम्ही दोघं किल्ल्यावर जातो. डबा माझ्या कमरेला. स्कूटर पायथ्याशी. मी एक खांब पळते आणि परत फिरून पप्पांपाशी येते. पप्पा एक खांब भरभर चालतात, एक खांब रेंगाळतात. रेंगाळायचा खांब ते कधीच विसरत नाहीत. परवा फडतरे काका उतरताना म्हणाले, "काय तांबवेकर, आज अ‍ॅम्ब्युलन्स कुठाय?"

"पुढं गेली," पप्पांनी माझ्याकडं हनुवटी केली.

तिसऱ्या वळणापाशी ते थांबले. कठड्याला टेकले. "ईशू, ते उंदीर दमले की त्यांना थांबू देत असतील का गं?"

"त्यांना कोण विचारतंय, पप्पा."

"आणि मला?"

मी पिशवीतून मीटर काढलं. त्यांनी खिशातून छोटी साबणवडी काढली, बाटलीतलं पाणी हातावर ओतलं, आणि एकेक बोट, नखांच्या आतून, सावकाश धुतलं. रुमालाला पुसलं. मग पुढं केलं.

"घे," पप्पा म्हणाले. "आता हे कुणाचंही बोट आहे."